वरून पाणी

जानेवारी १९८९, सोमवार, मधल्या सुट्टीतली बैठक. हजर: मुख्याध्यापक, आम्ही तीन शिक्षिका, आरोग्य केंद्राच्या नर्सबाई. दाराच्या चौकटीला टेकून अक्काही उभी होती. तिला मी हजेरीत धरलं नव्हतं.

अमळनेरजवळच्या आमच्या शाळेत अक्का मुलांना पाणी द्यायची. कुठलंही काम सांगा, पदर खोचत म्हणायची, "तुम्ही लिखा बाई, मी करस." तुमच्याही शाळेत असं कुणी असेल, जिच्यावाचून घंटासुद्धा वेळेवर होत नाही.

त्या आठवड्यात दुसरीचा अर्धा वर्ग फ्लूने घरी होता. नर्सबाई म्हणाल्या, खोकणाऱ्या मुलांना शाळेत घेऊ नका, आणि सगळ्यांच्या तोंडाला लागणारा तो एक पेला बंद करा. मुलांनी ओंजळ धरावी, वरून पाणी ओतावं. मी लिहून घेतलं.

"वरथीन पानी मी कोनलेच वताव नई," अक्का दारातून म्हणाली.

"हात दुखतील म्हणून का, अक्का?" नर्सबाई हसल्या.

अक्का हसली नाही. ती बौद्ध वस्तीतली. लहानपणी विहिरीवर तिला आणि तिच्या आईला असंच पाणी मिळायचं, लांबून, वरून. धार बाहीत शिरायची, कोपर भिजायचं, तहान तशीच राहायची. एवढं सांगून ती माझ्या वहीकडे बघत म्हणाली, "हाई लिखू नका."

मुख्याध्यापक वैतागले. "ताप जात विचारून येत नाही, अक्का. जमत नसेल तर झाडलोट करा, पाणी दुसरं कुणी देईल."

"बठ्ठा पोरे मना हातनं पानी पेतस, सर."

सगळी मुलं तिच्या हातचं पाणी पीत होती, आणि तेच तिच्याकडून जाणार होतं. मला सरांचंही पटलं, तिचंही. वहीत काय लिहावं कळेना.

शेवटी मी घरून चार पेले आणले. अक्काने शाळेमागे तीन दगडांची चूल मांडली. एक मूल प्यायलं की पेला राखेने घासायचा, उकळत्या पाण्यात बुडवायचा. सुट्टी लांबली, गणिताचा तास बुडाला.

"शाळा आहे की टपरी?" सर म्हणाले.

"च्या बी करू का, सर?"

फ्लू महिनाअखेर ओसरला. पेल्यांमुळे, थंडी कमी झाल्यामुळे, की सगळ्यांना येऊन गेल्यामुळे, ते मला आजही सांगता येत नाही.

मधे चार दिवस अक्काच तापाने पडली. चूल पेटवायला कुणी नव्हतं. ते चार दिवस पाणी मी दिलं. ओंजळीत, वरून. पाच मिनिटांत काम झालं. मुलं खिदळली, बाह्या भिजवून वर्गात गेली.

परत आल्यावर तिने विचारलं, "पोरेस्नी पानी पिदं ना, बाई?"

"प्यायली," मी म्हणाले. कसं, ते सांगितलं नाही.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. अक्का मुलीकडे साक्रीला राहायला गेल्याचं कळलं. साक्रीची एसटी आमच्या घरावरूनच जाते. दर वर्षी नव्या वहीत राहिलेली कामं उतरवताना मी 'साक्री, अक्काला सांगणे' लिहिते. चूक केली म्हणून सांगायचं की नुसतंच सांगायचं, ते ठरत नाही. त्या ओळीपुढे अजून बरोबरची खूण नाही.