अर्ध्या घरातल्या हेमक्का

म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीतल्या एका रिकाम्या घरात मी नळ सोडून बघत होतो, तेव्हा ऑफिसातल्या प्रदीपचा फोन आला. त्या नव्या वस्तीत दुपारच्या वेळी लांबून जाणाऱ्या बसखेरीज फारसा आवाज नसतो, त्यामुळे त्याचं हळू बोलणंही स्पष्ट ऐकू आलं. "सर, हेमक्का गेल्या. खुर्चीतच बसल्या होत्या म्हणे... शेजारणीने हाक मारली, तर ओ दिली नाही." मी नळ बंद केला. मग प्रदीप, आपल्याच तोंडून हे निघू नये असं वाटत असल्यासारखा, म्हणाला, "साहेब विचारत होते, मुलगी कधी येणार आहे."

आमची कंपनी जुनी घरं विकत घेते, त्यांची डागडुजी करते आणि पुन्हा विकते. ज्याला घर विकायचंय त्याला गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही, कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत. आम्हीच घेऊन टाकतो. मी नाशिकहून म्हैसूरला आलो तो याच नोकरीसाठी. माझ्याकडे दुरुस्तीचं काम, हेमक्कांकडे खरेदीचं. म्हणजे लोकांच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं आणि त्यांना विकायला राजी करायचं. या कामात त्यांच्यासारखं माणूस आमच्या शाखेत दुसरं नव्हतं. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसुरातलं, मूळचं रंगाऱ्यांचं, कापड रंगवणाऱ्यांचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि माझ्याशी बोलताना दोन्हींची सरमिसळ. मला पहिल्या दिवसापासून त्या 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. "तम्मा, तू भिंती बघ, मी माणसं बघते. अष्टेच, दुसरं काही नाही," असं त्यांनी आमच्या कामाचं वाटप करून टाकलं होतं.

नवरा अकाली गेल्यावर त्यांनी काही वर्षं साड्यांच्या दुकानात काढली आणि मग इकडे आल्या. कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या. पाणी दिलं की माणूस आपलं होतं, असं त्यांचं म्हणणं. मग घराचं कौतुक करायच्या, आणि ते खोटं नसायचं. ओट्याची उंची, खिडकीतून येणारं ऊन, परसातला चाफा, त्यांना खरंच सगळं दिसायचं. समोरचा माणूस घराबद्दल बोलू लागला की त्या नुसत्या ऐकत राहायच्या. तासभर. आणि निघताना दारात उभ्या राहून, जाता जाता सुचल्यासारखं म्हणायच्या, "घर तुम्ही पुष्कळ सांभाळलंत. आता घराने तुम्हाला मोकळं करायला नको का?" हे वाक्य त्यांचं स्वतःचं. पुढे कंपनीने ते सगळ्या नवीन मुलांना पाठ करायला लावलं.

यात फसवणूक होती असं मी म्हणणार नाही. तीन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांचं घर हेमक्कांनी सोडवलं आणि पुढे त्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला तिघेही आलेले मी पाहिलेत. जिना चढता न येणाऱ्या एका बाईंना त्यांनी तळमजल्यावरची जागा स्वतः हिंडून शोधून दिली होती. आपण लोकांचं भलं करतो असं हेमक्का मनापासून मानायच्या. म्हणूनच पुढचं सगळं त्यांना इतकं आतवर लागलं असावं.

त्यांचं स्वतःचं घर जुन्या म्हैसुरात, सासऱ्यांनी बांधलेलं. फार मोठं नाही. मधोमध एक भिंत घालून दोन मुलांना दोन अर्धी दिली होती. एका अर्ध्यात हेमक्का, दुसरं अर्धं दिराचं, पण दीर सरगूरला कापडाचं दुकान चालवायचे, त्यामुळे ते बंदच असायचं. आजूबाजूला मोठ्या इमारती उठू लागल्या होत्या. गेल्या वर्षी, सणाच्या आधी, आमच्या ऑफिसातल्या पांढऱ्या बोर्डवर त्या महिन्यात घ्यायच्या घरांची नावं लिहिली गेली. आम्ही घरं गल्लीच्या नावाने लिहितो. सकाळी हेमक्का आल्या, बोर्डासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या गल्लीचं नाव होतं तिथे, म्हणजे त्यांचंच घर, आणि कन्नडमध्ये लिहिताना कुणीतरी एक अक्षर चुकवलं होतं. त्यांनी डस्टर घेतलं, नाव पुसलं, स्वच्छ अक्षरात पुन्हा नीट लिहिलं आणि जागेवर जाऊन बसल्या. आमच्या शाखेचे साहेब फोनवर होते, ते फोनवरच राहिले.

त्या दुपारी चहाला बाहेर पडलो तेव्हा मीच विषय काढला. हे चुकून झालं असेल, साहेबांशी बोलू या, असं काहीतरी मी म्हणत होतो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. चुकून नाही, त्या म्हणाल्या, आणि पुढे काय काय होईल ते एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं सांगू लागल्या. आधी एक जण येईल, घरी, सुम्मने आल्यासारखा, सहज. पाणी मागेल. मग ते दिराकडे जातील, कारण जो त्या घरात राहत नाही तो लवकर हो म्हणतो. मग दिराचं अर्धं घेतील आणि त्याचं काम काढतील. हळूहळू काढतील, घाई करणार नाहीत.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही करायचं नसतं, तम्मा. मग माणूस आपणहून फोन करतो."

आठवड्याभराने प्रदीप त्यांच्याकडे गेला. प्रदीपला काम त्यांनीच शिकवलं होतं. त्याला जायचं नव्हतं, हे मला माहीत आहे, पण त्याला पाठवलं गेलं. नंतर त्याने मला सांगितलं की हेमक्कांनी दार उघडलं आणि त्याने मागायच्या आधीच पाण्याचा तांब्या पुढे केला. तो बराच वेळ बसला. त्यांनी त्याला उपमा खायला घातला, त्याच्या आईची चौकशी केली. निघताना दारात तो घुटमळला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बोल की. शेवटचं वाक्य राहिलं." ते वाक्य त्याला बोलता आलं नाही. पण त्याने येऊन भेट झाल्याची नोंद केली आणि पुढचं चाक फिरलं.

दीर खरंच लवकर हो म्हणाले. ते आले, वहिनीच्या पाया पडले, आता वय झालं, दुकानही चालत नाही, असं म्हणाले आणि गेले. त्यांच्या अर्ध्याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. मी नको म्हणालो, ते दुसऱ्या इंजिनिअरकडे गेलं. नोकरी सोडून द्या, असं मी हेमक्कांना एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, सोडली तर ते कधी काय करणार ते मला कळणार कसं? त्यामुळे रोज सकाळी त्या ऑफिसला यायच्या, इतरांची घरं मिळवायच्या, आणि संध्याकाळी घरी जायच्या तेव्हा मधल्या भिंतीच्या पलीकडे काही ना काही फोडलेलं असायचं. एक दिवस फरशी, एक दिवस ओटा. नंतर कित्येक दिवस काहीच नाही... आणि ते गप्प दिवस जास्त वाईट, असं त्या म्हणायच्या. आपण कान लावून बसतो.

त्याच सुमारास त्यांनी एका रविवारी मला बरोबर घेतलं आणि आम्ही बसने टी. नरसीपूरला गेलो. ज्यांची घरं घेतली ते लोक आता कुठे आहेत ते बघायचंय, एवढंच त्या म्हणाल्या. शिवण्णा म्हणून एक निवृत्त मास्तर होते. म्हैसुरातलं घर आम्हाला देऊन ते बायकोसह नदीच्या संगमाजवळ दोन खोल्यांत राहायला गेले होते. त्यांनी आमचं इतकं प्रेमाने स्वागत केलं की मलाच अवघडायला झालं. कॉफी झाली, संगमावरची गर्दी, गुडघेदुखी, सगळं बोलून झालं. आतली खोली भरदुपारीही अंधारी होती. मास्तर काहीतरी दाखवायला आत गेले आणि दिवा लावायला त्यांचा हात दाराच्या डावीकडे गेला. तिथे बटण नव्हतं. तळहात भिंतीवरून वर-खाली फिरत राहिला, फिरत राहिला, मग ते स्वतःशीच हसले आणि त्यांनी उजवीकडचं बटण दाबलं. त्यांची बायको आम्हाला म्हणाली, रोजचं आहे हे, जुन्या घरात बटण त्या बाजूला होतं ना.

परतीच्या बसमध्ये हेमक्का खिडकीशी बसल्या होत्या. शहर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर त्यांनी नवीन घरी जाणं बंद केलं. ऑफिसला यायच्या, टेबलाशी बसायच्या, फोन वाजला की घ्यायच्या. साहेब त्यांना काही म्हणत नव्हते, कारण त्यांच्या अर्ध्यासाठी त्यांची सही अजून बाकी होती. मधल्या भिंतीला पलीकडून हादरे बसून इकडचा गिलावा सुटायला लागला होता. मी बघायला गेलो तेव्हा खाली पडलेली पापुद्र्यांची रेघ त्यांनी झाडली नव्हती. त्यांची खुर्ची आता त्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. मी म्हटलं, पुण्याला मुलीकडे जाऊन राहा थोडे दिवस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत भीती होती. "मी गेले की ते रिकामं घर म्हणून लिहितील," त्या म्हणाल्या. "मीच तसं लिहीत होते, अल्ला, नाही का?"

त्यांनी फोन केला नाही. हे मला इथे ठामपणे लिहायचंय. शेवटपर्यंत त्यांनी फोन केला नाही. त्या खुर्चीतच त्या गेल्या; हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पलीकडे त्या दिवशी काम चालू होतं, आणि कामगारांना कुणीतरी थांबा म्हणून सांगेपर्यंत ते चालूच राहिलं.

मुलगी, रूपा, पुण्याहून आली. तेरावं झाल्यावर ती त्या घरात एकटी दोन दिवस राहिली आणि मग तिने आमच्या ऑफिसला फोन केला. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुण्याची नोकरी, लहान मुलं, आणि अर्धं फुटलेलं घर; ती काय करणार होती? तिला भेटायला प्रदीपला पाठवणार होते, पण तो त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला. सही झाली. मधली भिंत आता नाही.

मी अजून तिथेच आहे. आमच्या ऑफिसात मागच्या बाजूला एक लहान खोली आहे, तिथे नवीन लोकांना शिकवतात. हेमक्कांनी फार पूर्वी तिथे एक वर्ग घेतला होता आणि कंपनीने तो चित्रित करून ठेवला होता. अजून तोच दाखवतात. परवा त्या खोलीवरून जाताना त्यांचा आवाज ऐकू आला आणि मी दारात थांबलो. पडद्यावर त्या हिरव्या साडीत, हसत, हात हलवत बोलत होत्या. पाच-सहा मुलंमुली लिहून घेत होती. शेवटी पडद्यावरच्या वर्गातलं कुणीतरी विचारतं, अक्का, आणि इतकं करूनही त्यांनी नको म्हटलं तर? हेमक्का मान वर करतात, विचार करतात... आणि चित्रण तिथेच संपतं. दिवे लागले. मुलं वह्या मिटू लागली.

हेमक्कांच्या त्या वर्गाला मी हजर होतो, मागच्या बाकावर. म्हणून मी आत गेलो आणि त्या मुलांना म्हणालो, थांबा, याच्यापुढे एक वाक्य आहे. त्या म्हणाल्या होत्या, "नको म्हटलं तर नमस्कार करायचा आणि उठायचं. त्या दारात परत जायचं नाही."

एका मुलीने वही पुन्हा उघडली. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. दारात साहेब येऊन उभे होते, ते मला नंतर दिसलं.