कंपनीचा डबा, आतलं सामान माझं

"ताई, कंपनीचं स्टिकर तेवढं राहू द्या, आतलं सगळं बदला," मन्मथअप्पा म्हणाले. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला.

"काहून चिडता, ताई?"

चिडू नको तर काय करू? माजलगावात तेव्हा कॉम्प्युटर जोडून देणारं दुकान माझं एकटीचं होतं. अप्पांचं खताचं दुकान. स्टँडजवळच्या रिकाम्या गाळ्यात त्यांना सहा कॉम्प्युटरचं गेम सेंटर काढायचं होतं. "आधी एक घेऊन बघतो, चालला तर पाच तुमच्याकडूनच," असा त्यांचा शब्द होता. त्या ऑर्डरवर माझं वर्ष निघणार होतं.

मी त्यांना दोन कागद करून दिले होते. एकावर ब्रँडेड, म्हणजे कंपनीतून जोडून सीलबंद येतो तो. दुसऱ्यावर असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग निवडून मी जोडते तो. गाड्यांच्या रेसचा गेम न अडखळता पळायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते मदरबोर्डवरच्या, म्हणजे मुख्य पाटीवरच्या, एका खाचेत बसतं. स्वस्त ब्रँडेडला बहुतेक वेळा ती खाचच नसते. हे वाक्य मी लाल पेनानं अधोरेखित केलं होतं. अप्पांना पटलंही होतं.

मग लातूरहून दाजी आले. अप्पांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी माझे कागद न वाचता बाजूला सारले आणि औरंगाबादहून सीलबंद डबा आणला. गेम टाकला. गाडी जरा पळायची आणि जागच्या जागी गोठायची. डब्यावरची यादी वाचली, आत खाच नव्हती.

"दाजींना सांगा, परत करा म्हणून."

"अहो ताई, दाजी हायत ते. त्यांनी आणलेलं परत केलं तर बहीण वर्षभर माहेरात पाय ठेवायची न्हाई."

"आणि काम मी केलं, हे कुणाला कळणार?"

"मला म्हाईत हाय की. तेवढं बास."

पाच मशीन डोळ्यांसमोर ठेवून मी हो म्हणाले. कुणाला सांगणार नाही, असा शब्दही दिला.

सील फाडलं. वॉरंटी तिथंच संपली. मदरबोर्ड बदलला, त्याबरोबर प्रोसेसर आणि रॅमही. मागच्या पत्र्यातली भोकं नव्या बोर्डाला जुळेनात, ती दीड तास कानशीनं घासली. खाचेत कार्ड बसवलं, तर पॉवर सप्लायला त्याचा भार झेपेना, तोही बदलला. शेवटी कंपनीचं उरलं काय, तर पत्रा, हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह. गेम लोण्यासारखा चालला.

उद्घाटनाचा नारळ दाजींनी फोडला. पडद्यावर गाडी सुसाट. दाजी सगळ्यांदेखत माझ्याकडे वळले.

"बघा मॅडम, कंपनीचं ते कंपनीचं! तुमी लोकं चार ठिकाणचं भंगार जोडता आन् गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारता."

लोक हसले. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा पेढ्यांचं ताट न्याहाळत होते.

"अप्पा, राहिलेले पाच बी असलेच सांगतो."

"सांगा की, दाजी," अप्पा म्हणाले.

बाजूचा पत्रा काढायला दोन स्क्रू. दोन मिनिटांचं काम. पण शब्द दिला होता, म्हणून पेढा न घेता निघाले. दाजींपेक्षा राग अप्पांचा आला, आणि त्याहून जास्त माझा मला.

काही आठवड्यांनी दुकानापुढं टेम्पो थांबला. पाच सीलबंद डबे. अप्पा खाली उतरले.

"ताई, पहिल्यासारखंच करून टाका."

"करते. दाजींना बोलवा. त्यांच्यासमोर उघडते, आणि बदललेला प्रत्येक भाग बिलावर लिहिते."

"तसं कसं जमंल?"

"मग टेम्पो वळवा."

"एवढा ताठा बरा न्हाई, ताई. पाच मशीनचं काम हाय."

"मी कामाला नाही म्हणत नाही. लपवायला नाही म्हणते."

टेम्पो वळला. गेम सेंटरात पोरं एकाच मशीनपुढं रांग लावायची, बाकीच्या पाचांवर धूळ. सहा महिन्यांत सेंटर बंद झालं आणि गाळ्यात खताची पोती आली. गावात बोलवा काय, तर माजलगावची लाइट कॉम्प्युटरला सोसत नाही. दाजींचं नाव कुणी काढलं नाही. माझी ऑर्डर गेली ती गेलीच.

ब्रँडेड घ्यावा की असेंबल्ड, असं आजही गिऱ्हाईक विचारतं. मी आधी उलट विचारते, "ठरवणार कोण?" तो माणूस समोरच्या खुर्चीत येऊन बसेपर्यंत मी पेनाचं टोपणही काढत नाही.