मालधक्क्यावरची झाडण

माझी बायको शेवंता गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आमी दोघं ज्वारी निवडत बसलो होतो. पोत्याच्या वासानं मला ढोकीचा मालधक्का आठवला. बारकी रेल्वे होती तवा तिथं म्या हमाल अन् ती झाडणारी. सांडलेलं धान्य झाडणारीला मिळायचं, म्हणून तिच्याजवळ आलो की म्या पोत्याला हमालीचा लोखंडी आकडा मुद्दाम जोरात मारायचो.

तिला हे सांगितलं तर हसली. "लई शहाणं तुमी. पोतं तुमी फाडायचं अन् कंबर माझी मोडायची."

सकाळी ती उठलीच न्हाय. दुपारी तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निवडलेली ज्वारी घेऊन मालधक्क्यावर गेलो. आता नुसत्या भिंती उरल्यात. तिच्या जागेवर ज्वारी वतली अन् वाकून झाडाय लागलो. निम्मी गोळा होईस्तोवर कंबर धरली.