पहिली ओळ नसलेले धवले

माझ्या फोनची बॅटरी म्हातारी झाली होती. जरा भारी काम दिलं की चाळीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद. पनवेलच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग उतरवून दिला. म्हणाला, "आता मंद चालेल, पण मध्येच मान टाकणार नाही." मला तेवढंच हवं होतं.

कारण गव्हाणला जाऊन आत्याचे धवले रेकॉर्ड करायचे होते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात विधींची ही गाणी गायला धवलारीण लागतेच, आणि गावची धवलारीण म्हणजे माझी आत्या. तिच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देईनात. दिवाळीनंतर माझ्या भावाचं लग्न होतं, आणि त्यात आपलेच धवले झाले पाहिजेत हा तिचा हट्ट.

दुपारभर ती ओटीवर बसून गात होती. मी लाल बटण दाबायची, मान हलवायची, ती सुरू करायची. एकदा ठसका लागला म्हणून मी म्हटलं, "पहिल्यापासून घे." तिने डोळे वटारले. "सुरू केलेला धवला मागं नेत नाय. मदी थांबवत बी नाय." फोन मात्र एकदाही बंद पडला नाही. मी खूश!

ती इस्पितळात असताना ऐकायला बसले, तर एकाही धवल्याला पहिली ओळ नाही. वेग उतरवलेला मेला फोन बटण दाबल्यावर जागा व्हायलाच वेळ लावत होता, आणि आत्या कशाला थांबतेय! असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावा. बॅटरी वाचवून काय लोणचं घालायचं होतं?

आत्या घरी आली. आवाज गेलाच होता. तिला सगळं सांगितलं, तर नुसते ओठ हलवत म्हणाली, "तुला येतं ना पयलं? मंग तू बोल."

लग्नाच्या मांडवात माईक माझ्यापुढे, आत्या शेजारी. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं. पहिली ओळ कशीबशी म्हटली आणि पुढचं रेकॉर्डिंग लावायला बटण दाबलं. फोन ढिम्म. बायका माझ्याकडे बघतायत. थांबायचं तर नाही. मग दुसरी ओळही मीच म्हटली, तिसरीही.

तेवढ्यात फोनला जाग आली आणि मांडवात आत्याचा खणखणीत आवाज घुमला, पण मागच्या, दुसऱ्या ओळीपासून. आत्याने हात लांबवून फोन बंद केला, आणि मला मानेनेच खुणावलं, पुढे म्हण.