सव्वा मुठीचे श्रेयांक

स्पिरिटचा वास आला की मला अजूनही वाटते, आता कुणाचे तरी डोके मोजले जाणार. कापसाच्या बोळ्यावरचा तो गार, नाकात टोचणारा वास इतरांना दवाखान्याची आठवण देतो. मला माझ्या नणंदेची देतो. माणसांवर माया करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, माणसांवर जळणाऱ्या त्याहून जास्त पाहिल्या (त्यांच्यातली एक रोज आरशात भेटते), पण माणसे मोजणारी बाई तापी आणि गिरणेच्या काठांवर एकच निपजली असावी, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला नणंद म्हणून आली.

त्यांना आम्ही अक्का म्हणतो. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासर धुळ्याजवळ सोनगीरला, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानात. त्यामुळे आवाजही पितळी, एकदा ठोकला की बराच वेळ घुमत राहणारा. मुलाचे लग्न उरकले, सून घरात रुळली, आणि अक्कांनी एके दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर बसून जाहीर केले की आपण बी.ए. होणार, तेही मानवशास्त्रात. भाऊजींनी, म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, हातातली घागर पुसत एवढेच विचारले, “म्हणजे नेमकं कुणाचं शास्त्र?” अक्का म्हणाल्या, “तुमचं, माझं, सगळ्यांचं.” भाऊजी म्हणाले, “जा बाई. फक्त माझ्यावर प्रयोग नको.” कॉलेज जळगावात, तेव्हा मुक्काम माहेरी, म्हणजे आमच्या घरी, म्हणजे माझ्या उरावर. हे शेवटचे मी मनात म्हटले. ओठांवर मात्र “या ना अक्का, तुमचंच घर” असे आले, आणि त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हेच दुखणे होते.

कारण मीही शिकलेली आहे. एम.ए., मराठी, विशेष अभ्यास कविता. नाशिकहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझे पदवीपत्र लोखंडी कपाटात शालूच्या घडीखाली गेले आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात निवांत झोपले. तू काय वाचलेस, तुला कोणती ओळ आवडते, असे या घरात कुणी कधी विचारले नाही. अक्कांची पदवी मात्र अजून मिळायचीच होती, तरी तिचा पसारा ओसरीपासून गच्चीपर्यंत पसरलेला. ती पुरी व्हायला काय काय लागते, हे आमच्या भांडीवालीलाही तोंडपाठ झाले होते: देहाचे मानवशास्त्र, समाजाचे मानवशास्त्र, उत्खननाचा एक पेपर, प्रात्यक्षिकात हाडे ओळखणे आणि डोकी मोजणे, पर्यावरण सक्तीचे, खेळ सक्तीचा, आणि सर्वांत शेवटी क्षेत्रकार्य, त्याचा प्रबंध आणि त्यावर तोंडी परीक्षा. या प्रत्येकाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आणि श्रेयांक जुळले तरच पदवी. खेळाच्या श्रेयांकांसाठी अक्का गुडघ्याला पट्टा बांधून कॉलेजच्या मैदानावर लंगडी खेळल्या आणि सुनेहूनही लहान पोरींना बाद करून आल्या. पुढे पुढे तर सारा संसारच त्या याच मापाने तोलू लागल्या. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, की ओसरीवरून उत्तर यायचे, “वरणाला फोडणी तूच घाल वहिनी, मला तिचे श्रेयांक नाहीत.”

मोजमापांचे दिवस मला विशेष आठवतात. कॉलेजातून आणलेले ते लांब चोचीचे लोखंडी साधन अक्का स्पिरिटने पुसायच्या आणि समोर येईल त्याचे डोके त्या चोचीत धरायच्या. दूधवाला, इस्त्रीवाला, गॅसची टाकी आणणारा, कुणी सुटले नाही. रिक्षात बसल्या तर सिग्नलला गाडी थांबेपर्यंतच धीर, एकदा एका रिक्षावाल्याने कानामागे लोखंड लागताच दचकून विचारले होते, “मावशी, टोपी शिवता का?” घरात पहिला नंबर माझ्या नवऱ्याचा लागला. नव्या नवलाईच्या दिवसांत मी याच गृहस्थांच्या नाकावर एक कविता लिहिली होती, तीत चाफेकळी होती. ऐकून त्यांनी “छान” म्हटले होते आणि पंख्याचा वेग वाढवला होता. बहिणीपुढे मात्र ते शहाण्या बाळासारखे मान वर करून बसले. अक्कांनी चोच लावली, आकडे जुळवले आणि पुकारा केला, “नाक रुंद!” आणि हा माणूस चाफेकळीने कधी खुलला नव्हता इतका त्या रुंदीने खुलला. दिवसभर आरशात पाहून घेत होता. त्या दिवशी मी आमटीत मीठ जरा सढळ हाताने घातले.

मग वंशावळ आली. बैठकीच्या भिंतीवर मोठे कागद चिकटवून अक्कांनी सारे कुळ मांडले: पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे मध्ये बरोबरची दोन रेघोट्यांची खूण. सासूबाई काठी टेकत त्यापुढे उभ्या राहिल्या, कैलासवासी मामंजींच्या त्रिकोणाकडे बघत राहिल्या आणि अहिराणीत कडाडल्या, “तुना बाप तिकोनी व्हता का व? इतला गोल माणूस!” सगळे पोट धरून हसले. मीही हसले, पण माझा डोळा कोपऱ्यातल्या एका गोलावर होता. नवऱ्याच्या त्रिकोणाला बरोबरच्या खुणेने बांधलेला तो गोल म्हणजे मी. बाकीच्यांखाली गाव, शिक्षण, आवडीनिवडी बारीक अक्षरांत लिहिलेल्या. माझ्याखाली नुसते ‘नाशिक’. आषाढातल्या आभाळासारखा भरून आलेला एक गोल, आणि त्याला कुणी विचारीना.

रक्ताच्या चवीची परीक्षा झाली तेव्हा तर मी स्वतःहून जीभ पुढे केली होती. कागदाची एक पट्टी असते. ती जिभेवर ठेवली की काहींना कडूजहर लागते, काहींना नुसता कागद, आणि हे कडूपण आईबापांकडून मुलांत उतरते म्हणे. सासूबाईंनी तोंड वाकडे केले, नवऱ्याने वाकडे केले, अक्कांनी स्वतः वाकडे केले, आणि तिघांची तोंडे इतकी हुबेहूब एकसारखी वाकडी झाली की परीक्षेची गरजच उरली नाही. माझी पाळी आली म्हणून मी पुढे सरकले. अक्का डबी बंद करत सहज म्हणाल्या, “राहू दे वहिनी. तू आमच्या रक्तातली नाहीस ना, तुझी चव उपयोगाची नाही.” बोलल्या त्या शास्त्राने, त्यात विखार तिळभर नव्हता. पण पट्टी न चाखताच मला जी कडू चव आली, ती कितीतरी दिवस पडजिभेशी बसून होती.

आणि मग क्षेत्रकार्य सुरू झाले. विषय ठरला आमच्याच घरातली कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर ही देवी बसते, आणि तिच्या नैवेद्याचे रोट, गव्हाच्या जाडजूड पोळ्या, हे कुळाचे अगदी आतले, खासगी अन्न. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचे रोट करायचे आणि ते फक्त कुळातल्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. या सगळ्याची माहिती काढायला अक्का दुपारच्या दुपार सासूबाईंच्या पलंगाशी बसू लागल्या. मी आतून ऐकायची. भिंतीपलीकडून अहिराणीचा तो ओला, गोलसर नाद यायचा, मध्येच हसणे, मध्येच एखादे गाणे, मध्येच नुसताच श्वास. लहानपणी विहिरीवर काय पाहिले, पहिल्या रात्री सासरी कशाचा वास आला, कोणती मैत्रीण बाळंतपणात गेली, असे काय काय त्या म्हातारीने लेकीपुढे मोकळे केले. मला तिने इतक्या वर्षांत मिठाचे प्रमाण तेवढे सांगितले होते. मला दुसरे काही नको होते. अक्कांनी एकदा, फक्त एकदा, पेनाचे टोपण काढून माझ्यापुढे बसावे आणि मला काहीतरी विचारावे, एवढेच हवे होते. इस्त्रीवाल्याची मुलाखत झाली होती हो! त्याच्याकडून त्यांनी इस्त्रीच्या कोळशावर पाऊण तास माहिती घेतली.

कानबाईच्या आदल्या दिवशी मूठ मोजायला सुरुवात झाली तशी अक्कांनी स्वयंपाकाचा वजनकाटा पुढे आणला. मूठ कुणाची धरायची, सासूबाईंची मूठ म्हातारपणी लहान झाली म्हणजे देवीचा वाटा कमी झाला का, असे त्यांचे प्रश्न. सासूबाईंनी सूप आपटले, “देवीना गहू काय तराजूमा मोजतस का? ठेव तो काटा!” काटा ठेवला गेला. तेवढ्यात अक्कांच्या सरांचा फोन आला. सर अक्कांच्या मुलाच्या वयाचे, फार अदबीचे. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून आम्ही सर्वांनीच ऐकले: “काकू, सहभागी निरीक्षण हवं बरं का. पंगतीत बसून, त्यांच्यातलं होऊन. दारातून पाहिलेलं धरता येणार नाही, आणि प्रबंधाचे निम्मे गुण त्यालाच आहेत.” अक्का “हो सर” म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा पितळी आवाज घुमला नाही. लग्न झालेली लेक कुळाबाहेर जाते. तिला माहेरचा रोट चालत नाही. आणि अक्कांच्या सासरी कानबाई बसतच नाही.

रविवारी देवी बसली. नारळाची, नथ घातलेली, फुलांत बुडालेली. ऊद, तूप, भाजलेला गहू आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी यांचा एकच दाट वास घरभर लोंबत होता. आरती झाली, पंगत बसली. अक्का उंबऱ्याच्या पलीकडे पाट घेऊन बसल्या, मांडीवर वही, कानावर पेन. सासूबाईंना ते बघवेना. ताटातला तुकडा मोडून त्यांनी हात लांब केला, “ये व माय, एक घास खाई ले. देवी काय डोया वटारस का?” अक्कांनी मान हलवली. “नही माय. मी खाधं तर नियम बदलना. मंग मी लिखू काय?” बोलताना हसल्या. मला वाटले होते, या क्षणी मला थोडे बरे वाटेल. माझ्या नावाची मूठ कुणी घेतली नव्हती, पण उंबऱ्याच्या आत ताट माझ्यापुढे होते आणि बाहेर त्या होत्या.

अक्का आता पदवीधर आहेत. सरांनी गुण कापले, पण श्रेयांक जुळले. पदवीपत्राला काच बसवून भाऊजींनी ते दुकानात घागरींच्या वर टांगले आहे आणि गिऱ्हाइकाला ते आधी दाखवतात, भांडे नंतर. भिंतीवरची वंशावळ उतरवली, तिथे रंग जरा उजळ राहिला आहे. ओसरी मोठी वाटते. वरणाला फोडणी घालताना मी अजून एक क्षण थांबते, कुणी काही म्हणते का म्हणून.

पण मला सारखी आठवते ती पंगत. मी पहिला घास तोंडात घेतला होता. बाहेरून खरपूस, आत मऊ, तुपाने जड झालेला गहू हळूहळू गोड होत जात होता, आणि सवयीने माझे मन त्याला शब्द शोधू लागले होते. वर पाहिले तर अक्का माझ्याकडेच बघत होत्या. वही मिटलेली, पेन कानावर तसेच. त्या उंबऱ्यावरून इतक्या पुढे वाकल्या होत्या की त्यांच्या केसांचा माक्याच्या तेलाचा वास मला आला. चेहऱ्यावर विद्यार्थिनी नव्हती, थोरली नणंदही नव्हती. परकर सावरत चुलीजवळ उभी राहणारी, या घरातली एक पोर होती. सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने मला विचारले,

“चव?”