सायनसची वाफ

“नाकाचं! इतकी वर्षं मी नाकाचं समजत होते!” बायकोनं पातेलं ओट्यावर आपटलं. “जरा शिंक आली की पाणी उकळायचं, डोक्यावर टॉवेल टाकायचा. आणि तुम्ही गुमान वाफ घेत होतात!”

“सायनस म्हणजे सायनसच ना,” नवरा दाराची चौकट धरून उभा होता. “लग्न ठरताना सांगितलं होतं, सायनसचं ऑपरेशन झालंय. खोटं काय त्यात?”

“नाक कुठे आणि माकडहाड कुठे, एवढं कळतं मला!”

“हळू बोल गं, शेजारी ऐकतील,” कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेली सासू म्हणाली.

“ऐकू देत. त्यांनीही वाफ घ्यावी.”

दोन दिवसांपूर्वी सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता तो तापानं खाली कोसळला होता. त्या गिऱ्हाइकानंच अर्ध्या दाढीनिशी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. माकडहाडाखाली गळू झालं होतं, ते डॉक्टरांनी फोडलं. आज सकाळी ड्रेसिंग करताना त्यांनी सहज विचारलं, “आधीची दोन ऑपरेशनं दिसतायत. नंतर तिथले केस कोण काढत होतं?” तो भिंतीकडे बघत राहिला. “कसले केस?” हिनं विचारलं, आणि मग डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं. बसण्याच्या जागी फटीतले केस कातडीत रुततात, आत पोकळी होते, तिलाही सायनसच म्हणतात, तिथे पू धरतो. कापून काढलं तरी केस वेळच्या वेळी काढावे लागतात, नाहीतर वर्षांनीही दुखणं उलटतं. आता पुन्हा कापून, बाजूची कातडी ओढून ती फट उथळ करावी लागेल. तरी केसांचं राहणारच.

खरं तर त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं. मिसरूड फुटल्याफुटल्या तो मालाचा टेंपो चालवायला लागला होता. दिवस दिवस सीटवर. पहिल्या ऑपरेशननंतर जखम उघडीच ठेवली होती. ती तळापासून भरून यायला महिने गेले, आणि आई रोज त्यात कापसाची पट्टी भरायची. दुखणं उलटलं, दुसऱ्यांदा कापलं, टाके घातले, तेव्हा मात्र त्यानं टेंपोची किल्ली मालकाला परत केली आणि मामाच्या सलूनमध्ये कात्री धरली. उभ्यानं करायचं काम दुसरं कुठलं मिळणार? गिऱ्हाइकं त्याला ‘उभेशेठ’ म्हणायची. सलूनमध्ये सगळेच कारागीर उभे असतात, त्यामुळे हा कधीच बसत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरात मात्र लक्षात आलं होतं. तो ओट्यापाशी उभ्यानं जेवायचा. “घोड्याशी लग्न लागलंय माझं,” ती म्हणायची. व्रण दिसला तेव्हा त्यानं सांगितलं, लहानपणी छपरावरून पडलो. अंडरपँट तो स्वतः धुवायचा, सगळ्यांच्या आधी उठून. याची तर तिनं बहिणीपाशी फुशारकी मारली होती, “आमच्याकडे नवरा आपले कपडे आपण धुतो, विचार तुझ्या नवऱ्याला.” पू आणि रक्ताचे डाग धुतले जात होते ते. मुलीला सायकल शेजाऱ्यांनी शिकवली. सिनेमाला तो कधी आला नाही. एकदा ती चिडून म्हणाली होती, “माझ्या शेजारी बसायची लाज वाटते का?”

“समज तसं,” तो म्हणाला होता.

तिनं तसंच धरलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

“आई, तुम्हाला तर ठाऊक होतं,” ती सासूकडे वळली.

“कळलं असतं तर मुलगी दिली असती का कुणी?” सासूच्या हातातली शेंग तशीच राहिली. “लग्नापर्यंत मीच काढत होते केस, त्याच्याच मशीननं. मग तू आलीस. रात्री खोलीचं दार लागायला लागलं. मी म्हातारी दार वाजवून काय सांगणार होते? म्हटलं, आता सांगेल हा तिला.”

“आणि मला वाटलं, बरं झालंय,” तो म्हणाला. “तीन-चार वर्षं खरंच काही नव्हतं. परत वाहायला लागलं तेव्हा... दिवसभर लोकांच्या माना वळवतो मी, हनुवट्या धरतो. तुझ्यापुढे कसा ओणवा होऊ?”

तिची नजर पातेल्याकडे गेली. वाफ घेतानाही तो बसत नसे. पातेल्यावर ओणवा व्हायचा, डोक्यावर टॉवेल, आणि पाठ तिच्याकडे. ती मागे उभी राहून म्हणायची, “खोल श्वास घ्या.” एका हाताच्या अंतरावर होतं सगळं.

“ते जाऊ दे,” तो म्हणाला. “परत कापून घेणार नाही मी. दोनदा कापलं, काय झालं? गळू फुटलंय, चालेल असंच.”

“केस मी काढीन रे परत,” सासू म्हणाली. तिनं हात पुढे केला. वयानं तो हात थरथरत होता, तिनंच ते पाहिलं आणि तो पदराखाली घेतला.

बायकोनं पातेलं उचलून फळीवर, सगळ्यात मागे ठेवलं. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकून तिघांकडे बघत राहिली.

“बरं झालं आलीस, सगळ्यांना एकदमच सांगते,” ती म्हणाली. “बाबांचं ऑपरेशन सोमवारी आहे, मी डॉक्टरांना हो सांगून आले आहे. टाके निघेपर्यंत सलूनला जाणं बंद. ड्रेसिंग मी करणार. जखम भरली की दर दुसऱ्या रविवारी दुपारी केसही मीच काढणार, आणि तेव्हा दार कुणी वाजवायचं नाही.”