सगळ्यायले ‘या, बसा’

तिसरीत असतानी मी शाळेतून घरी आलो थो परत गेलोच नाही. मास्तरही बोलावाले आले नाहीत. त्यायचाही जीव सुटला असन. तवापासून माह्या डोक्यात जे काही गेलं थे जीपच्या काचेतून दिसलं तितकंच. शेलूबाजारात सीटा भराच्या, आमच्या गावी उतरवाच्या, अन् येळ भेटला तं वावरात जाऊन उभं राहाचं. वावर आई पाहते. मी फक्त उभा राहतो.

लग्नाचं वय झालं तसं माहं पोरी पाहनं सुरू झालं. पाहनं म्हंजे पोहे खानं. पोरीचा बाप इचारे, नोकरी कुठी हाय? मी म्हणो, जीप हाय, वावर हाय. थो म्हणे, पोहे घ्या. दुसऱ्या दिवशी नकार. जऊळक्याच्या एका घरी पोहे इतके चांगले होते का नकार आला तवा मले पोरीपेक्षा पोह्याचंच जास्त वाईट वाटलं. तिशी गेली, अन् पोहे भेटनंही कमी झालं.

रिठदच्या माह्या मावसाले लग्न जुळवाचा भल्ला नाद. थो एक दिवस म्हणे, "शेलूबाजारात रोडवर थे बुटीक हाय ना, त्या पोरीले तुह्याबद्दल सांगून ठेवलं. सोताचं दुकान हाय तिचं. पन पोह्याचा कार्यक्रम नाही म्हणते. पोट्ट्याले गिऱ्हाईक म्हणून दुकानात येऊ द्या, मी पाहून घेईन, असं म्हणे."

"म्हंजे मी तिले पाहाचं का तिनं मले?"

"तू तोंड कमी उघड," मावसा म्हणे, "बाकी ती पाहून घेईन."

आता लेडीज दुकानात माणसानं काय घ्याले जाचं? आईचा एक ब्लाऊजपीस पिशवीत टाकला अन् गेलो. आत भिंतीभर ब्लाऊज टांगलेले. कोणाच्या पाठीले गोल खिडकी, कोणाच्या पाठीले चौकोनी. दोरीले लटकन. तसेच लटकन माह्या जीपच्या आरशाले हायेत, म्हणून मले थोडं घरच्यासारखं वाटलं.

ती गळ्यात टेप घालून कपडा कापून राह्यली होती. मले पाह्यलं अन् म्हणे, "या, बसा." कैची ठेवली, माठातून सोताच्या हातानं ग्लास भरून आणला. मंग चहा. मी गडबडूनच गेलो. मी पडलो जीपवाला. मले लोक ‘थांब’ म्हणतेत नाही तं ‘चाल’ म्हणतेत. ‘बसा’ हे मी लोकायले म्हणतो.

"मापाचं ब्लाऊज आणलं का?" तिनं इचारलं. बायकायचं असंच असते, अंगाले बरोबर बसनारं एक जुनं ब्लाऊज द्या लागते, त्याच्या मापानं नवं शिवतेत. हे मले तवा कुठी माहीत. मी उठलो अन् दोन्ही हात पसरून दाखवलं, "आई इतकी हाय."

बसलेल्या दोन बाया पदर तोंडाले लावून हासल्या. ती हासली नाही, भिंतीकडे तोंड करून काहीतरी शोधत राह्यली. "उद्या आणतो, ताई," म्हणून मी निघालो. जीपमधी बसल्यावर समजलं आपन काय म्हणलं थे.

मावसाचा फोन आलाच. "काय झालं?"

"पाणी देलं. चहा देला."

"चहात काय होतं?"

"अद्रक."

"अद्रक टाकलं म्हंजे बरं हाय. तू काय म्हणला?"

"ताई म्हणलो."

मले वाटलं रेंज गेली. मंग मावसाचा आवाज आला, "तिनं तुले भाऊ म्हणलं का?"

"नाही."

"मंग जीव हाय अजून."

दुसऱ्या खेपेले मापाचं ब्लाऊज घेऊन गेलो. पुन्हा ‘या, बसा’, पुन्हा पाणी, पुन्हा चहा. मी मनातल्या मनात हळद लावून बसलो. तितक्यात एक फवारणीच्या औषधाचा एजंट पत्ता इचाराले आला. त्यालेही ‘या भाऊ, बसा’, त्यालेही पाणी, अन् त्याच्या चहातही अद्रक. मंग दारात एक बकरी येऊन उभी राह्यली. ती बकरीले म्हणे, "ये वो माय," अन् कालच्या भाकरीचा तुकडा देला. माही हळद तथीच उतरली. हे माहं स्वागत हाय का दुकानाचं? मले भाऊ म्हणलं नाही हे खरं, पन बकरीलेही नाही म्हणलं.

एजंट गेला. तिनं थे ब्लाऊज उलगडून पाह्यलं. "हे आईचंच हाय ना?"

"हो."

"मागं तं तुमी दोन हात पसरले होते."

आईनं पेटीतून तिच्या लग्नातलं ब्लाऊज काढून देलं होतं. आईच्या मते ती अजून तितकीच हाय.

"आईलेच घेऊन या," ती म्हणे. मंग टेप गुंडाळता गुंडाळता इचारलं, "तुमच्या गावाहून सकाळची पयली जीप कधी निघते?"

"सीटा भरल्या का."

"अन् संध्याकाळी इथून शेवटची?"

"तीबी सीटा भरल्या का."

"पुढची सीट मोकळी राहते?"

"कुठी मोकळी? पुढी मले धरून चार जन बसतो. गेअर टाकाचा असला का शेजारच्याले मांडी उचलाले सांगतो."

ती बराच येळ माह्याकडे पाहत राह्यली. मले वाटलं तिले कुठी पार्सल पाठवाचं असन. म्हणलं, "पार्सल असन तं वरती कॅरिअरवर बांधून नेईन." तिनं कैची उचलली अन् कपडा कापाले लागली.

तिसऱ्या खेपेले आईले नेलं. दुकानात बायायची गर्दी. ती उठली, "या आई, बसा," म्हणे. आईले पाणी देलं, पंखा तिच्याकडे वळवला. मी दारात उभा. माह्याकडे तिनं पाह्यलंच नाही. आता म्हणन, मंग म्हणन, करत मी चपला काढून, परत घालून, परत काढून पाह्यल्या. शेवटी मीच म्हणलो, "पाणी भेटन का?"

"माठ तथी हाय," ती टेप आईच्या दंडाले लावत म्हणे. "घ्या हातानं. अन् रिकामा झाला असन तं मागच्या नळावरून भरून ठेवा."

बाया पाहून राह्यल्या होत्या. मी माठ खांद्यावर घेतला अन् गेलो. ज्या दुकानात बकरीलेही मान हाय तथी आपल्याले पाणी भराले लावलं, आता याच्यापेक्षा साफ नकार काय असते. जऊळक्याच्या लोकायनं निदान पोहे तरी चारले होते. माठ भरून आणला. ती म्हणे, "फडकं बांधा त्याले." तेबी बांधलं.

गावाकडे येतानी आई पुढच्या सीटवर बसली होती अन् तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणून राह्यली होती. मले रागच आला. म्हणलं, "आई, ती नाही म्हणते."

"कधी म्हणे?"

"तुह्यासमोर माठ भराले लावला ना मले."

आईनं माह्याकडे असं पाह्यलं जसं मी आत्ताच तिसरीतून घरी आलो. "पाव्हण्याले कोणी पाणी भराले लावते काय रे, बह्यताडा?"

"मंग हो म्हणे का?"

"मले काय इचारतं. तिले इचार."

मले खरंच समजलं नव्हतं. आईले उतरवलं, अन् एकही सीट न भरता जीप वापस घेतली. तिचं दुकान बंद करनं सुरू होतं. मी दारातूनच इचारलं, "मले या, बसा, काहून नाही म्हणलं?"

"तुमी गिऱ्हाईक हा का?"

 मी इतकंच म्हणलो, "पुढची सीट मोकळी ठेवीन." हे तोंडातून कसं निघालं मले आजही माहीत नाही. तिनं शटरचा हूक माह्या हातात देला. "ओढा."

आता रोज सकाळी ती आमच्या घरून पुढच्या सीटवर बसून दुकानात जाते. शेजारी दुसरं कोणी बसू देत नाही, म्हणून माहं दोन सीटायचं भाडं रोज बुडते. दुपारी मी दुकानात जातो. एजंटले ‘या भाऊ’ असते, बकरीले ‘ये वो माय’ असते. माह्याकडे पाहून ती नुसती मान माठाकडे करते. हे चांगलं हाय का वाईट, मले अजूनही नीट उमजत नाही. दारात गेलो का मी जरा थांबतो, काय सांगता येते, आज म्हणन. मंग माठ खांद्यावर घेतो.